विश्रामबाग, मिरज, कुपवाड, माधवनगर की हरिपूर रोड: सांगलीत घर घेताना

सांगलीत घर घ्यायला पाच भाग तुम्ही पत्रात काढले आहेत. पुण्यात बाणेरला भाड्याने राहता, दोघांचंही काम घरून चालतं, महिन्यातून एक-दोनदा ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. मुलगी चौथीत. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वडील चौऱ्याहत्तरचे, चालते-फिरते, पण स्कूटर सोडलेली. हातात साधारण पासष्ट लाख. आणि प्रश्न एका ओळीचा: "राहायला सगळ्यात चांगलं कुठलं?"

एका ओळीत उत्तर देणारे तुम्हाला भरपूर भेटतील. विश्रामबागेतला माणूस विश्रामबाग म्हणेल, मिरजकर मिरजेशिवाय दुसरं नाव घेणार नाही, आणि एजंट ज्या स्कीमची चावी त्याच्या खिशात असेल ती सांगेल. मी बांधकामातला इंजिनिअर, गृहकर्जासाठी बँका घराचं मूल्यांकन करून घेतात ते काम करतो. लोक घर बघायला जातात तेव्हा हॉल बघतात, मी जोतं बघतो. या कामात एवढं कळलं की सांगलीत भागाच्या नावावर घर ठरवता येत नाही. एकाच भागातल्या दोन गल्ल्यांच्या जमिनीत पुरुषभर उंचीचा फरक निघतो. एका गल्लीत मंजूर लेआउट, तर तिच्या पाठीमागे निव्वळ गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट. नाव दोन्हीकडे तेच, भावही जवळपास तोच सांगतात.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. पाणी कुठवर येतं, आणि तुमच्या घरात जे गाडी चालवत नाहीत त्यांचा दिवस कसा जाणार? तुमच्या घरात अशी माणसं तीन आहेत: सासूबाई, वडील आणि मुलगी. तुम्ही दोघं तर कुठूनही गाडी काढून जाल.

आधी पाणी.

सांगलीत पुराचं माप कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ मोजतात. पूल १९२९ चा. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ आणि २०२१ साली पाण्याने पन्नाशी ओलांडली, २०१९ ला ते ५७ फुटांच्याही वर गेलं. पावसाळ्यात इथे कुणी "आयर्विनला किती?" एवढंच विचारलं तरी समोरच्याला कळतं. नदीकडच्या भागात जुन्या रहिवाशांना आपापल्या दाराचा आकडा पाठ असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या बाजूला इशारा पातळीच्या आसपासच लोक सामान हलवायला लागतात. त्यामुळे घर बघताना "इथे पाणी येतं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "छे हो, कधीच नाही" असंच येतं. "आयर्विनला किती फूट झालं की या दारात पाणी येतं?" असं विचारा. मालक क्षणभर थांबला आणि मग आकडा बोलला, तर तो आकडा बहुधा खरा असतो.

नदीपासूनचं अंतर फसवं आहे, हेही लक्षात ठेवा. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि खाली सांगलीकडे निघतं. सांगलीच्या थोडं खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणाही भरलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही आणि फुगवटा मागे सांगलीकडे येतो. म्हणून इथे लख्ख ऊन पडलेलं असताना पाणी चढत राहतं, आणि नवख्या माणसाला त्याचा अर्थच लागत नाही. शिवाय पाणी फक्त घाटावरून वर येत नाही. शेरीनाला आहे, आणि ज्यांना इथे ओत म्हणतात ते जुने सखल पट्टे आहेत; त्यांच्यातून ते उलटं आत शिरतं. यातले बरेच ओत आज भराव टाकून प्लॉट झालेत. नदी दिसतही नाही अशा ठिकाणी घर आणि तरी तळमजल्यावर पाणी, हे त्यामुळे घडतं.

कागदावर यासाठी दोन रेषा आहेत. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत नवीन बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषेच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी. महापालिकेच्या नगररचना विभागात तुमच्या सर्व्हे नंबरावर या रेषा कुठून जातात ते बघता येतं. टोकन देण्याआधी बघा, नंतर बघून फक्त मनस्ताप होतो. आणि "लाल रेषेच्या बाहेर" म्हणजे कायमचं कोरडं असंही धरू नका. रेषा आखलेली असते, पाण्याने ती वाचलेली नसते.

एवढं सांगितल्यावर हरिपूर रोडबद्दल लांबड लावत नाही. रस्ता सुंदर आहे, सकाळी फिरायला अख्खी सांगली तिकडे जाते, पुढे संगमेश्वराचं देऊळ, कृष्णा-वारणेचा संगम. हरिपूरच्या जमिनीत पूर्वी हळदीची पेवं असायची; वर्षानुवर्षं हळद खाली कोरडी राहायची अशी ती माती. २००५ च्या पुरात त्या पेवांतही पाणी गेलं. ज्याच्या घरात सगळी हातीपायी धड आहेत, वरच्या मजल्यावर सोय आहे आणि आठवडाभर दुसरीकडे जाऊन राहता येतं, त्याने हरिपूर रोडचा मोह धरावा. डायलिसिस पुढे ढकलता येत नाही. तुमच्या यादीतून हे नाव मी काढतो. सांगलीवाडीचं कुणी सुचवलं तर तेही याच कारणासाठी नको. मध्ये नदी आहे.

आता विश्रामबाग. सांगली-मिरज रस्त्यावरचा हा भाग सगळ्यात महाग, आणि त्याला कारणं आहेत. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासूनचं. या संस्थांभोवती प्राध्यापक, डॉक्टर, नोकरदार यांची वस्ती आधी झाली. रस्ते रुंद, प्लॉट नीट आखलेले. २०१९ ला मुख्य पट्टा कोरडा राहिला, आणि नदीजवळच्या जुन्या गावभागातल्या कित्येक घरांनी आपली म्हातारी माणसं इकडच्या नातेवाइकांकडे आणून ठेवली. त्यानंतर इथले भाव आणखी चढले. तुमच्या रकमेत इथे नवीन, मोठा फ्लॅट बसवणं ओढाताणीचं होईल. मिळतो तो बहुतेक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, तीन मजली, लिफ्ट नसलेला. सासूबाईंसाठी लिफ्ट नसलेला दुसरा मजला मी गणतीतही धरणार नाही.

पण विश्रामबाग म्हणून जे विकलं जातं ते सगळं विश्रामबाग नसतं. जाहिरातीत "विश्रामबागेपासून पाच मिनिटं" असं लिहिलेलं असेल तर शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडे शामरावनगराकडे तर नेत नाहीत ना, ते आधी बघा. तिथे नदीच्या पुराशिवाय एक वेगळी अडचण आहे: पावसाचं पाणीच निघून जात नाही. जमीन सखल आणि काळी. मोठा पाऊस झाला की मोकळ्या प्लॉटांत तळी साचतात आणि गणपतीपर्यंत तशीच राहतात.

काळ्या मातीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण खरेदी करणारे यावर कधी विचारत नाहीत. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पाया त्या थरातच थांबवला असेल तर घर दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर, आतल्या बाजूला कललेली कंपाउंडची भिंत, फाटक लागत नाही म्हणून घासून कमी केलेलं लोखंड, पोर्चच्या फरशीचा आणि जोत्याचा सुटलेला सांधा, ही त्याची लक्षणं. रंग नवीन असेल तर चीर दिसणार नाही, पण फाटक दिसेल. चांगल्या माणसाने काळी माती काढून मुरमापर्यंत पाया नेलेला असतो, किंवा पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले खांब, घेऊन वर बीम बांधलेले असतात. तसं असेल तर शामरावनगरातलं घरही उभं राहायला भक्कम असतं. मात्र तो खर्च झालाय की नाही हे मालकाच्या बोलण्यावरून मानू नका, स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. नदीकाठच्या बागायती पट्ट्यात उसाच्या पाण्याने जमिनी क्षारपड झाल्यात. तशा जागेवर भराव टाकून बांधलेलं घर असेल तर भिंतींना खालून गुडघाभर लोणा दिसतो. नवीन प्लास्टर फक्त तेवढ्याच पट्ट्यात मारलेलं असेल तर का ते विचारा.

कुपवाड याच्या उलट. तो माळ आहे. खणलं की मुरूम लवकर लागतो, पाया स्वस्तात पक्का होतो, पुराची भीती नाही. तुमच्या पैशात तिथे छोटा बंगला होऊ शकतो, आणि ही गोष्ट लहान नाही. तळमजल्याची खोली सासूबाईंना देता येते, दार उघडलं की अंगण. फ्लॅटमध्ये तळमजला पार्किंगला गेलेला असतो, त्यामुळे खालचं घर म्हणजेसुद्धा पहिला मजला.

मग कुपवाड का नको? नको असं म्हणत नाही, तीन गोष्टी तपासा म्हणतो. पहिली, एमआयडीसीपासून अंतर आणि वाऱ्याची दिशा. दिवसा गेलात तर कळणार नाही, रात्री नऊ-दहाच्या सुमाराला जाऊन उभे राहा. वास आणि ट्रकची वर्दळ तेव्हा समजते. दुसरी, रेल्वेचे रूळ. कुपवाड रुळांच्या उत्तरेला, आणि मोठे दवाखाने, कोर्ट-कचेऱ्या, कॉलेजं बहुतेक दक्षिणेला. रोजची वाट फाटकावरून जाते की पुलावरून, आणि गर्दीच्या वेळी तिथे किती अडकायला होतं, हे प्रत्यक्ष गाडी चालवून बघा. तिसरी, गुंठेवारी.

गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून, बिगरशेती न करता, लेआउट मंजूर न करता विकलेले प्लॉट. कधी नुसत्या स्टँपवर, कधी सात-बाराला पंधरा-वीस नावं एकत्र लावून. १९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली तोवर असा बराच भाग वसून गेला होता. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात घेतले. म्हणजे मार्ग आहे. पण नियमितीकरणाचा दाखला झालेला असणं आणि "अर्ज टाकलाय, होऊन जाईल" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक बँका दाखल्याशिवाय कर्ज देत नाहीत, आणि जी देते ती मूल्यांकन कमी धरते. उद्या तुम्हाला विकायचं झालं तर रोखीतलंच गिऱ्हाईक शोधावं लागतं. माणसं गुंठेवारीत तीस-तीस वर्षं सुखाने राहतात, त्यांना नावं ठेवत नाही. फक्त बाहेरून येणाऱ्याने पासष्ट लाख अशा कागदावर टाकू नयेत. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट आणि मोजणीचा नकाशा, हे चार कागद समोर आले की मगच चहा प्या.

माधवनगर आणि त्याला लागून बुधगाव. हे महापालिकेत नाहीत, ग्रामपंचायती आहेत. शांत, प्लॉट मोठे, शेजारी एकमेकांना नावाने ओळखणारे. घरपट्टी हलकी, मुद्रांक शुल्कही शहरापेक्षा थोडं कमी. बदल्यात ड्रेनेज, कचरा, रस्त्यावरचे दिवे यांचा भार त्या त्या पंचायतीवर. पाणी कुठल्या योजनेचं आणि किती दिवसांआड येतं, हे शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. पुरुषांना हे नीट माहीत नसतं. माझा मुख्य आक्षेप वाटेचा. सांगलीत यायला रेल्वे ओलांडावीच लागते. काही वर्षांपूर्वी रेल्वेच्या कामासाठी चिंतामणीनगरचा पूल पाडला तेव्हा तिकडच्या लोकांना रोज वळसे मारावे लागले, शाळेच्या रिक्षांचे दर वाढले, रस्त्यावरच्या दुकानदारांचा धंदा बसला. आता पूल आहे, पण एकाच वाटेवर अवलंबून असणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मार्केट यार्डात किंवा तासगाव रस्त्याला काम असणाऱ्याला माधवनगर छान. तुम्हाला मिरजेकडे जावं लागणार असेल तर तुम्ही उलट्या टोकाला जाऊन बसाल.

मिरजेबद्दल सांगलीकरांचं ऐकू नका आणि सांगलीबद्दल मिरजकरांचं. दोन्ही गावांत दहाएक किलोमीटरचं अंतर आणि पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस आहे. दवाखान्यांचं गाव ही मिरजेची ओळख मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची. सरकारी मेडिकल कॉलेजही इथेच, आणि त्याच्या जोरावर तज्ज्ञ डॉक्टरांची फळी अशी की कर्नाटकातून लोक येतात. डायलिसिसच्या घराला हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे. रेल्वेचं जंक्शन आहे, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर चारी दिशांना गाड्या. जुनं मिरज मात्र दाट आहे. गल्ल्या अरुंद, दारात गाडी लावायला जागा नाही, दवाखान्यांच्या रस्त्यांवर दिवसभर रिक्षा आणि रुग्णवाहिका. कृष्णाघाटाकडच्या बाजूला पूरही येतो. राहायला म्हणून बघायचं तर मालगाव रोड, पंढरपूर रोड या अंगाची नवीन वाढ बघा. तिथेही कागद तपासायचे ते आहेतच.

मिरजेचं एक सांगतो, त्याचा घराच्या किमतीशी काही संबंध नाही. तुमचे वडील शास्त्रीय संगीत ऐकतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात तिथे गाणं होतं. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची दुकानं अजून तिथल्या एका गल्लीत ओळीने आहेत. निवृत्त माणसाला दुपारी पायी जाऊन बसण्यासारखी अशी जागा विश्रामबागेत पैसे देऊनही मिळणार नाही.

आता तुमचं घर धरून हिशोब करू. आठवड्यात दोन डायलिसिस म्हणजे चार फेऱ्या. सुईवर चार तास पडून राहिल्यावर माणूस गळून जातो, कधी बीपी उतरतं. तेव्हा रिक्षात पंधरा मिनिटं आणि खड्ड्यांतून चाळीस मिनिटं यातला फरक तुम्हाला सांगायला नको. आणि तुम्ही दोघं मीटिंगमध्ये अडकलात तर वडिलांना त्यांना घेऊन जाता आलं पाहिजे. सांगली-मिरज मुख्य रस्त्यावर एसटीची शहरी बस आहे, शेअरिंगची वडाप आहे, रिक्षा हात केला की थांबते. आतल्या कॉलनीत रिक्षा फोन करून बोलवावी लागते, पावसात ती येत नाही. घरापासून मुख्य रस्ता वडिलांच्या पायांनी किती मिनिटांवर आहे, हे तुमच्या निवडीतलं सगळ्यात महत्त्वाचं अंतर.

दुसरं, पूर आला तरी घर आणि डायलिसिस केंद्र यांच्यामधली वाट सुरू राहिली पाहिजे. नुसतं घर उंचावर असून भागत नाही. घर विश्रामबागेत आणि केंद्र जुन्या सांगलीत असेल, तर पाणी चढल्यावर घर कोरडं आणि वाट बंद. म्हणून केंद्र आधी ठरवा, घर मागून. सासूबाईंच्या डॉक्टरांचा सल्ला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते केंद्र बसतं का, तिथे रिकामा स्लॉट कधीचा आहे, हे सगळं विचारून एक नाव पक्कं करा.

मुलीचं त्यामानाने सोपं. पाचवीपासून शाळेची बस कुठूनही मिळेल. सहा-सात वर्षांनी अकरावी आणि क्लास सुरू होतील तेव्हा ती विश्रामबागेकडेच येणार, कारण कॉलेजं आणि क्लासेस तिथे आहेत. तेव्हा सायकलने किंवा बसने एकटी येऊ शकेल इतक्या टप्प्यात घर असलं की झालं. पुण्याच्या फेऱ्यांना मी सगळ्यात कमी वजन देईन. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची आहे, २०२४ पासून वंदे भारतही मिरज-सांगलीवरून जातात. गाडीने जायचं तर पेठ नाक्यापर्यंतचा पहिला टप्पा कंटाळवाणा, मग हायवे.

यातून माझ्या डोळ्यांसमोर येतो तो विजयनगर ते वानलेसवाडी हा पट्टा. विश्रामबागेच्या पुढे, मिरजेच्या अलीकडे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि कोर्ट विजयनगरला आलं तेव्हापासून तिथे रस्ते, दिवे, दुकानं सुधारली. भारती हॉस्पिटल वानलेसवाडीला, मिरज त्याच रस्त्याने पुढे. दवाखान्याला आणि क्लासला दोन्हीकडे एकाच सरळ रस्त्याने जाता येतं, मध्ये नदी नाही. भाव विश्रामबागेइतके नाहीत, पण फार मागेही नाहीत. तुमच्या पैशात लिफ्टवाला दोन बेडरूमचा चांगला फ्लॅट बसेल, तीन बेडरूमचा बसवायचा तर पाच-दहा वर्षं जुना बघा. कोर्ट-कचेरीच्या अगदी पाठीमागची गल्ली मात्र घेऊ नका, दिवसा तिथे दुसऱ्यांच्या गाड्या लागतात.

हे तुमच्या आजच्या परिस्थितीचं उत्तर आहे. डायलिसिस नसतं आणि दोघांपैकी एक दिवसभर मोकळा असता, तर मी कुपवाडच्या बाजूला मंजूर लेआउटमधला बंगला म्हटलं असतं. वडील एकटेच असते तर मिरज.

फ्लॅट बघताना काही गोष्टी तुमच्या तुम्हाला तपासता येतात. पार्किंगमध्ये उभं राहून रस्ता तुमच्यापेक्षा वर आहे की खाली ते बघा. दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा थर चढून रस्ते उंच झालेत आणि जुन्या इमारतींचं पार्किंग खड्ड्यात गेलंय. वीजमीटर कुठल्या उंचीवर आहेत ते बघा. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींत मीटर छातीच्या वर नेऊन बसवले असतील तर त्यामागे २०१९ असतं. २०१९ लाच उंचावरच्या घरांनाही नळाचं पाणी नव्हतं, कारण नदीवरचा उपसाच बंद पडला होता. त्यामुळे जमिनीखालची टाकी किती लिटरची आणि बोअर चालू आहे का, हे कोरड्या भागातही विचारा. डायलिसिसच्या पेशंटचं पिण्याचं पाणी बेताचं असतं, पण घरात स्वच्छता जास्त लागते. लिफ्टला जनरेटर किंवा बॅटरीची सोय आहे का, स्ट्रेचर किंवा निदान चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये मावते का, तेही मोजून घ्या. जुन्या चार माणसांच्या लिफ्टमध्ये अडकते.

नवीन स्कीम असेल आणि प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराची नोंदणी हवीच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का ते बघा. "राहायला लोक आलेत की" हा पुरावा नव्हे. जुन्या सोसायटीत जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे की अभिहस्तांतरण झालंय, हे विचारा, पुढे इमारत पाडून नवीन करायची वेळ आली की तेच आडवं येतं. खरेदी घरातल्या बाईच्या एकटीच्या नावाने केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पासष्ट लाखांवर पासष्ट हजार होतात. लिफ्टबाहेरच्या कठड्यापासून बाथरूममधल्या धरायच्या दांड्यांपर्यंत सगळं त्यात बसेल.

आणि घाई नसेल तर आधी त्याच पट्ट्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने या, तेही जूनच्या आधी. एक पावसाळा तिथे काढलात की कुठल्या गल्लीत पाणी साचतं, रिक्षा कुठवर येते, दुपारी तीनला वीज जाते का, हे नकाशाशिवाय कळतं. सासूबाईंना केंद्र मानवतं का, तेही.

शेवटी तुम्ही कवलापूरचं विचारलंय: विमानतळ होणार म्हणतात, दोन गुंठे घेऊन ठेवू का? तिथे जुन्या धावपट्टीची जागा आहे आणि विमानतळाची चर्चा मी या धंद्यात आलो तेव्हाही होती. विमान उतरेल तेव्हा उतरेल. दोन गुंठे म्हटलं की तो बहुधा शेतजमिनीचा तुकडा असणार, आणि त्याच्या कागदाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. ते पैसे फ्लॅटच्या तिसऱ्या बेडरूमला लावा, वडिलांना स्वतःची खोली मिळेल.